रक्त : निकडीचे आणि आग्रहाचे



मी वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायली हाताळणारा कलाशाखेचा पदवीधर आहे. तरीही हा विषय निवडला, कारण येथील किदवाई स्मारक संस्थेत १९७३ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत. बेळगाव-निपाणीकडचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी आला, की या परक्या शहरात रक्तदाते शोधणाऱ्या नातलगांना आपल्या मराठी माणसांचीच आठवण होते.

शस्त्रक्रियेत फार रक्तस्राव झाला, तर वेळेवर मिळालेले रक्त प्राण वाचवते. याविषयी दुमत नाही. परंतु ‘शक्तीसाठी एखादी बाटली चढवाच’ हा आग्रह मात्र तपासून पाहावा. मूत्रपिंडरोपणापूर्वी ज्यांना रक्त दिले होते, त्यांच्या शरीरात परके मूत्रपिंड अधिक टिकते, असे १९७३ साली दिसून आले. म्हणजे परक्या रक्ताने रोगप्रतिकारशक्ती काहीशी मंदावत असावी. ही मंदी कर्कपेशींच्या पथ्यावर तर पडत नाही ना, असा प्रश्न १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात विचारला गेला. पुढे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अनेक पाहण्यांत, रक्त घेतलेल्या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले.

तथापि ज्यांचा रोग बळावलेला, त्यांनाच रक्त अधिक लागते. मग दोष रक्ताचा, की मूळ दुखण्याचा? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात, स्वतःचेच साठवलेले रक्त मिळण्याची सोय असलेल्या रुग्णांनाही अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शस्त्रक्रिया ठरताच रक्तक्षय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. लोहाची उणीव असल्यास ती आधीच भरून काढता येते आणि रक्ताची गरज घटते. मात्र डॉक्टरांनी रक्त आवश्यक म्हटले, तर भीतीपोटी नकार देऊ नये.

१ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. दिलेल्या रक्ताची पाच रोगांसाठी तपासणी होते, तिलाही वेळ लागतो. तेव्हा ऐन वेळच्या धावपळीपेक्षा रक्तपेढीत आधीच रक्त असणे श्रेयस्कर. अठरा ते पासष्ट वर्षे वयाच्या निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी, तर स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात अशा सभासदांची यादी सिद्ध व्हावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.