खुणा आणि त्यांचे वाचन
(जुनवानी, भिलाई येथील भाषणाचा मजकूर)



जुनवानीपासून जवळच, भिलाईच्या हुडको वसाहतीत 28 सप्टेंबर 1991 रोजी कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली. आपल्या जीवावर कोण उठले आहे हे त्यांनी ध्वनिफितीत बोलून ठेवले होते. तरीही 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा दिली ती गोळी झाडणाऱ्याला. आरोपी उद्योगपती सुटले. खूण मागे राहिली, ती हुकूम देणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही.

महाराष्ट्र व कर्नाटकातही हेच घडले. डॉ. नरेंद्र दाभोलकर (2013), कॉम्रेड गोविंद पानसरे व प्रा. एम. एम. कलबुर्गी (2015) आणि गौरी लंकेश (2017) यांच्या मारेकऱ्यांना फलक नव्हता, सभासद-नोंदवही नव्हती. लंकेश प्रकरणातील तपास पथकाच्या आरोपपत्रानुसार या टोळीला नावच नव्हते. अशा अर्धगुप्त गटाचा अभ्यास त्याच्या जाहीरनाम्यावरून होत नाही. काडतुसावरील ओरखडे, डायरीतील सांकेतिक नावे, दूरध्वनीच्या नोंदी यांवरूनच तो करावा लागतो. पुण्याच्या न्यायालयाने 10 मे 2024 रोजी दाभोलकरांच्या दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप दिली व तिघांना मुक्त केले. खऱ्या सूत्रधारांपर्यंत तपासयंत्रणा पोहोचल्या नाहीत, असेही नोंदवले.

याउलट भीमा-कोरेगाव प्रकरणात खुणांचा ढीगच पुढे आला. छत्तीसगढच्या कामगारांचे खटले वर्षानुवर्षे लढणाऱ्या अॅड. सुधा भारद्वाज यांना ऑगस्ट 2018 मध्ये अटक झाली; डिसेंबर 2021 मध्ये त्या जामिनावर सुटल्या. आरोपांचा मोठा आधार होता सहआरोपी रोना विल्सन यांच्या संगणकातील पत्रे. बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील आर्सेनल या संस्थेने फेब्रुवारी 2021 मध्ये निष्कर्ष काढला की, त्या संगणकात 22 महिन्यांहून अधिक काळ परका शिरकाव होता आणि ती पत्रे बाहेरून घुसवलेली होती. तपासयंत्रणेने हे अमान्य केले.

काडतुसावरचा ओरखडा दूर बसून उमटवता येत नाही. संगणकातली फाइल मात्र ठेवता येते. म्हणून जप्तीच्या क्षणीच यंत्रातील मजकुराचा गणिती ठसा, म्हणजे ‘हॅश’, नोंदवणे आवश्यक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रात त्याला जागा आहे. परंतु ते प्रमाणपत्र पुरावा न्यायालयात सादर होताना लागते. युनियनच्या कचेरीतून संगणक उचलला जाईल, त्याच वेळी पंचनाम्यात तो ठसा लिहून घेण्याचा व प्रत मागण्याचा आग्रह हजर कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे.