दीडपट भावाचा हिशेब



पुढारी गावात आला की एक वाक्य हमखास कानावर येते. आम्ही उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव दिला. टाळ्या वाजवण्याआधी आपण हे वाक्य काट्यावर ठेवून पाहू.

1 फेब्रुवारी 2018 ला अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात ही घोषणा केली. त्या खरिपात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 4,020 वरून 5,150 रुपये झाला, संकरित ज्वारीचा 1,700 वरून 2,430. सरकारने कापसाचा खर्च धरला 3,433 रुपये आणि ज्वारीचा 1,619. दीडपट करून पहा, आकडा बरोबर येतो. मग ते दीडपट आपल्या घरात का दिसत नाही?

कारण घोळ गुणाकारात नाही, खर्चात आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी असा पदरचा खर्च आणि घरच्यांची मेहनत त्यात धरली. स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही. हे दोन्ही धरणारा खर्च कृषिमूल्य आयोगच काढतो, त्याला सी-टू म्हणतात. कारखानदार जागेचे भाडे खर्चात धरतो. आपली जमीन तेवढी फुकट!

शिवाय हा खर्च साऱ्या देशाच्या सरासरीचा. ओलिताच्या कापसाला उतारा जास्त, म्हणून क्विंटलमागे खर्च कमी. आपल्या कोरडवाहूत पावसाने पंधरा दिवस दडी मारली की उतारा बसतो, खर्च मात्र झालेलाच असतो.

आता 2025 चे पहा. मध्यम धाग्याला हमीभाव जाहीर झाला 7,710 रुपये. पेरण्या आटोपल्यावर, 19 ऑगस्टला, कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सूट पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमके आपल्या वेचणीचे दिवस! गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून. स्वस्ताईचे श्रेय पुढाऱ्याला, तिची किंमत आपल्या कापसातून.

तेव्हा येईल त्या पुढाऱ्याला, कोणत्याही झेंड्याचा असो, तीनच प्रश्न विचारू. खर्च कोणता धरला? कोरडवाहूचा धरला का? त्या भावाने माल घेतला किती?

विचारायचे तर आपला आकडा हातात हवा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक एकर कपाशीचा आणि एक एकर ज्वारीचा हिशेब पावत्यांसह लिहून आणावा. नांगरटीपासून बाजारापर्यंतचा, घरच्या बाईची मजुरी धरून. आपण दान मागत नाही, हिशेब मागतो आहोत.