फुटलेला आकडा आणि अडवलेला अहवाल

बेकारीच्या पाहणीचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये संमत केला. शासनाने तो अडवून धरला. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले आणि ६.१ टक्के हा आकडा वृत्तपत्रात फुटला. तो केवळ मसुदा आहे, असा खुलासा नीती आयोगाने केला. लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे रोजी, तोच आकडा अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. मग चौकशी फोडणाऱ्याची करायची की अडवणाऱ्याची?

प्रसिद्धीची तारीख आधीच जाहीर व्हावी आणि ती बदलण्याचा अधिकार मंत्र्यांकडे नसावा, ही आपली मागणी असली पाहिजे. मात्र ‘पंचेचाळीस वर्षांतील उच्चांक’ असे सभेत सांगताना पाहणीची पद्धत बदलली होती, हेही कार्यकर्त्यांनी सांगावे. श्रोत्यांचा तो हक्क आहे.