पितळेचे बटण आणि कारागिराचा नकार

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त होऊन बोलू लागला, तरी त्याचे हरवलेले बटण बाजारात मिळत नाही. ते घडविणारा कारखाना बहुधा केव्हाच बंद पडलेला असतो. मग काम येते लेथवरच्या टर्नरकडे.

काम लहान, पण हिशेब काटेकोर. जुन्या संचांचा दांडा बहुधा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ६ मिलिमीटरचे भोक त्यावर बसत नाही. पितळेचा गज चकमध्ये धरून कातावयाचा, मध्यावर भोक पाडावयाचे, कडेवर नर्लिंग करून बोटांना पकड द्यावयाची, आणि बाजूने आटे पाडून बिनडोक्याचा स्क्रू बसवावयाचा.

कसोटी मात्र याच्यापुढे लागते. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी जातीच्या अनेक रेडिओंत वीजपुरवठ्याची एक तार थेट पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते, आणि बटणाचा दांडा त्या सांगाड्याला टेकलेला असतो. बेकेलाइटचे मूळ बटण ऐकणाऱ्याच्या हाताचे रक्षण करीत होते; त्याचा स्क्रूही खोल बुडवून वर मेण भरीत. तेथे पितळ चढविणे म्हणजे २३० व्होल्ट बोटांशी आणून ठेवण्याचा धोका पत्करणे होय. जाणता कारागीर अशा संचाला एबोनाइटसारख्या रोधक द्रव्याचेच बटण कातून देतो, गिऱ्हाईक पितळेच्या झळाळीसाठी कितीही हटून बसले तरी.

मजुरी ठरविताना समाज धातूचे वजन करतो आणि घड्याळाकडे पाहतो. हा नकार त्या हिशेबात कोठेच येत नाही. कारागिराच्या ज्ञानाला दाम द्यावयाचा असेल, तर त्याच्या नकाराचीही मजुरी मोजावी लागेल.