बाळाच्या मापाची भेट

(रत्नागिरी येथे झालेल्या रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात, नवजात शिशूंसाठी विणकाम करणाऱ्या स्वयंसेविका गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वार्षिक मेळाव्यात यंत्रसामग्री, खाटा आणि शस्त्रक्रिया यांविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. अशा मोठ्या विषयांच्या पंक्तीत क्रोशाच्या टोपड्यासारख्या मूठभर वस्तूचेही पान मांडल्याबद्दल मी विश्वस्तांची आभारी आहे. मी आयुष्यभर शाळेत हस्तकला शिकवली; वैद्यक हा माझा विषय नव्हे. त्यातले जे काही मी आज सांगेन, ते नवजात शिशू कक्षातील डॉक्टरांनी आणि परिचारिका भगिनींनी आम्हा विणणाऱ्या बायकांना धीराने समजावून दिलेले आहे.

आपल्याकडे घरात बाळ जन्मले की आप्तेष्टांकडून बाळंतविडा येतो. आईसाठी साडी-चोळी व डिंकाचे लाडू आणि बाळासाठी झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटे. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि पाळण्यावर रंगीत चिमणाळे फिरू लागते. या साऱ्या वस्तू पूर्वी घरच्या हातांनीच होत असत. क्रोशाची सुई आपल्या घरात शिरली ती बहुधा रुखवताच्या निमित्ताने. ताटावरचे रुमाल, तोरणे, तांब्यावरची झाकणे यांत आमच्या पिढीच्या मुलींची बोटे तयार झाली. ‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ छोटी आकडी. एक आकडी, एक दोरा, साखळ्या आणि खांब, एवढीच या कलेची सामग्री.

मात्र रुखवतातील वस्तू आणि रुग्णालयातील वस्तू यांत एक मूलभूत फरक आहे. रुखवत पाहण्यासाठी मांडलेले असते. रुग्णालयात दिलेले टोपडे वापरण्यासाठी असते आणि वापरणारा जीव कधी कधी दीड किलोचाही नसतो. म्हणून ज्या भेटीत देणाऱ्याची हौस आधी आणि बाळाची गरज मागाहून येते, ती भेट कितीही सुंदर असली तरी कपाटातच राहते. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

रत्नागिरीच्या उकाड्यात टोपडे कशाला, असा प्रश्न अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु बाळ जन्मते ते ओल्या अंगाने आणि ती ओल उडून जाताना अंगातील उष्णता घेऊन जाते. प्रसूतिगृहातील पंखा, शस्त्रक्रियागृहातील गार हवा, थंड वजनकाटा हे सारे त्यात भर घालतात. शरीराच्या मानाने बाळाचे डोके मोठे असते, त्यामुळे उघड्या डोक्यावाटे बरीच ऊब जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ असते आणि त्वचेखाली चरबीचा साठा जवळजवळ नसतो. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली गेलेले बाळ आपली शक्ती ऊब राखण्यातच खर्च करते. मग दूध ओढण्यास आणि वजन वाढण्यास ती उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, वजन नोंदलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची आढळली. म्हणजे हा प्रश्न एखाद्या दुर्दैवी घरापुरता नाही.

याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार बाळाची पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी, हवामान पाहून मोठ्या माणसांपेक्षा एक-दोन थर अधिक कपडे घालावेत आणि डोक्यावर टोपी घालावी. आपल्या आज्यांनी टोपडे-कुंचीचा आग्रह धरला तो अगदीच निराधार नव्हता. बाळाला पहिले झबले जुन्या कापडाचे घालावे, अशीही आपल्याकडे रीत आहे. शकुनाचा भाग बाजूला ठेवला तरी, अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती लुगडे कोवळ्या त्वचेला नव्या कडक कापडापेक्षा मानवते, हे कोणीही मान्य करील.

तथापि टोपड्याचे माहात्म्य वाढवून सांगणे योग्य होणार नाही. लहान बाळाची सर्वांत मोठी ऊब म्हणजे आईची छाती. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, उबदार पेट्या अपुऱ्या पडत असताना, कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ती चालवली. तीच आज ‘कांगारू मदर केअर’ म्हणून ओळखली जाते. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. साधारण १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर अशी जवळीक दिली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. आता ही जवळीक दिवसातून ८ ते २४ तास, शक्य तितका अधिक वेळ द्यावी, अशी शिफारस आहे.

या पद्धतीत बाळाच्या अंगावर काय असते? लंगोट, टोपडे आणि पायमोजे, बस्स. बाकी सारे अंग आईच्या अंगाला लागलेले असते. म्हणजे आमच्या विणकामाला येथे जागा आहे. परंतु ती आईच्या नंतरची आहे, हे आम्ही स्वतःला वारंवार बजावतो. अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मताक्षणी प्लॅस्टिकचे आवरण घालतात; तेव्हा सुती टोपडे पुरेसे पडत नाही. आमच्या टोपड्याची पाळी त्यानंतर येते.

आता प्रत्यक्ष विणण्याकडे वळते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर, म्हणजे सोललेल्या नारळाएवढा. अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाचा घेर २५-२६ सेंटिमीटर. एखाद्या मोठ्या हापूसच्या घेराहून फार मोठा नव्हे. नव्याने येणाऱ्या स्वयंसेविका बहुधा सहा महिन्यांच्या बाळाचे टोपडे विणून आणतात, कारण डोळ्यांसमोर तेवढेच बाळ असते. म्हणून आमच्या पिशवीत मापाची फीत असतेच. विणलेली वस्तू ताणली जाते, त्यामुळे टोपड्याचा घेर डोक्यापेक्षा किंचित कमी ठेवावा लागतो. सैल टोपडे नाका-डोळ्यांवर घसरते आणि घट्ट टोपडे वळ उमटवते.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा कृत्रिम असतो. खरी लोकर गरम पाण्यात आटते आणि काही बाळांना टोचते. रुग्णालयाचे कपडे कडक पाण्यात धुवावे लागतात. म्हणून आम्ही मऊ सुती दोराच वापरतो आणि त्याचा रंग जात नाही ना, हे आधी धुऊन पाहतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात जाड विणीचे कपडे आषाढात दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. म्हणून दोरा बारीक, पण वीण दाट. रुखवतातील जाळीची नक्षी डोळ्यांना सुखवते; बाळाची ऊब मात्र त्याच भोकांतून निघून जाते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आणि ती आज येथे बसलेल्या प्रत्येक आजीने घरी न्यावी अशी आहे. पायमोजा किंवा हातमोजा घालण्यापूर्वी तो उलटा करून पाहावा. आत सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर रक्तपुरवठा थांबू शकतो आणि बाळ का रडते आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. टोपड्याला गळ्याखाली बांधायच्या लांब नाड्या नकोत. मणी, टिकल्या, बटणे नकोत. ती निघून तोंडात जातात. दृष्टीसाठी घातलेल्या मनगट्यांचे मणीही त्याच दृष्टीने तपासावेत. घरी गेल्यावर निरोगी बाळाला झोपवताना पाळण्यात सुटी खेळणी, उशा ठेवू नयेत आणि उकाड्यात टोपडे काढून ठेवावे; अतिउष्णताही बाळाला घातकच. बाळाला थंडी वाजते का, हे पाहण्याची सोपी रीत परिचारिका भगिनी शिकवतात. पोट आणि तळपाय दोन्हींना हात लावावा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला ताबडतोब छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर छातीशी घेऊनच तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

चौथी गोष्ट खेळण्यांची. २०१३ साली डेन्मार्कमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे अष्टपाद विणून देण्याची चळवळ सुरू झाली आणि ती अनेक देशांत पसरली. त्याच्या सोंडा बाळाला नाळेची आठवण देतात, असे म्हणतात. कल्पना मोहक आहे. मात्र तिच्या लाभाविषयीचा शास्त्रीय पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. त्या चळवळीचे नियम मात्र अनुकरणीय वाटतात. दोरा शुद्ध सुती, खेळणे ६० अंश तापमानाला धुता येईल असे, सोंड ताणल्यावरही २२ सेंटिमीटरहून लांब नको. प्रेमाने केलेल्या वस्तूलाही फूटपट्टी लावावी लागते, हे त्यांनी जगाला शिकवले. आपल्या कक्षात असे खेळणे डॉक्टरांच्या परवानगीवाचून आम्ही देत नाही.

आता थोडे विणणाऱ्या हातांविषयी. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात क्रोशाच्या लेसने अनेक कुटुंबांना तारले. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवलेली ही कला हजारो स्त्रियांचा व्यवसाय झाली आणि २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मारिया मीस या विदुषीने १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की घरात बसून केलेले काम म्हणजे ‘फावल्या वेळचा उद्योग’ असे मानले गेल्याने त्या स्त्रियांच्या पदरात अत्यल्प मोबदला पडे. आपल्या महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनात परिचारिकांचे शिक्षण आणि शिवणकाम एकाच छपराखाली चालले. स्त्रीच्या हातातील कसब तिला स्वतःच्या पायावर उभे करील, ही त्यामागची दृष्टी होती. आमच्या गटातील बहुतेकजणी निवृत्त आहेत आणि आनंदाने विनामूल्य विणतात. ज्यांना चार पैशांची गरज आहे, त्यांच्याकडून मात्र फुकट काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आणखी एक हात आहे. बाळ आठवडेच्या आठवडे कक्षात असते, आई त्याच्याजवळ असते आणि आजी बाहेरच्या बाकावर बसून राहते. राजापूर, लांजा, गुहागरकडून आलेल्या या बायकांना दिवस सरता सरत नाही. क्रोशाचे काम कधीही थांबवता येते, चुकले तर उसवून तोच दोरा पुन्हा वापरता येतो आणि पहिले टोपडे दोन-तीन दुपारांत होते. नातवाचे टोपडे स्वतः विणणारी आजी नुसती वाट पाहत बसत नाही. त्याच्या उपचारात तिचाही वाटा असतो. माप विचारण्यासाठी ती परिचारिकेशी बोलते, आणि एरवी संकोचाने न विचारलेले चार प्रश्नही त्या निमित्ताने विचारून घेते.

म्हणून विश्वस्तांना आणि देणगीदारांना तीन विनंत्या करते. पहिली, तयार टोपडी पाठवण्यापेक्षा सुती दोरा द्यावा. कक्षाला त्या महिन्यात कोणते माप हवे आहे, ते परिचारिका सांगतील. दुसरी, कक्षाबाहेर चांगला उजेड असलेली एक जागा, चार खुर्च्या आणि एक कपाट द्यावे. तिसरी, गरजू विणकर भगिनींसाठी वर्षाच्या अंदाजपत्रकात मानधनाची एक लहानशी तरतूद असावी. आणि या तिन्हींच्या आधी, बाळाच्या आईला रात्रंदिवस बाळाजवळ राहता येईल अशी खुर्ची किंवा खाट कमी पडत असेल, तर आपली देणगी प्रथम तिकडे वळवावी. आमचा दोरा थांबू शकतो.

आज येथे आईच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवणारी काही मुले एके काळी त्या पंचवीस-सव्वीस सेंटिमीटरच्या टोपड्यात होती. ती टोपडी त्यांना केव्हाच लहान झाली. आमच्या कामाला याहून अधिक काही मिळावे, अशी आमची अपेक्षा नाही.