कुराज्याच्या कथा आणि कुमारांची लेखणी



रामराज्याचें वर्णन ऐकतच आपण लहानाचे मोठे झालों. राजा न्यायी, प्रजा संतुष्ट, मेघ वेळेवर वर्षणारे, असें तें चित्र कथाकीर्तनांनीं आपल्या मनांत पक्कें बसविलेलें आहे. विसाव्या शतकांत पाश्चात्त्य लेखकांनीं ह्याच्या अगदीं उलट चित्राची एक परंपराच निर्माण केली. झाम्यातिन ह्या रशियन लेखकाची ‘वुई’ ही कादंबरी १९२४ सालीं इंग्रजी भाषांतराच्या रूपानें प्रथम छापली गेली. ऑल्डस हक्स्लीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ सालीं आली. जॉर्ज ऑर्वेलचें ‘ॲनिमल फार्म’ १९४५ सालीं व ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९५३ सालीं रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरेनहाइट ४५१’ ह्या कादंबरीनें त्यांत भर घातली. अशा साहित्यास इंग्रजींत डिस्टोपिया म्हणतात. आपण त्यांस कुराज्यकथा म्हणूं. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींस ह्या कथा चिकित्सक बुद्धीनें वाचावयास आणि त्यांवर स्वतःच्या शब्दांत लिहावयास कसें शिकवावें, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. आणि तो पालघर, बोईसर व तारापूर येथील विद्यार्थी डोळ्यांपुढें ठेवून करावयाचा आहे.

ह्या लेखकांपैकीं ऑर्वेल आपणांस अगदींच परका नव्हे. त्याचा जन्म १९०३ सालीं बिहारांतील मोतिहारी येथें झाला. १९४१ ते १९४३ ह्या काळांत तो लंडनच्या बी. बी. सी. मध्यें हिंदुस्थानासाठीं चालणाऱ्या विभागांत नोकरीस होता. तो इंग्रजींत लिही तीं साप्ताहिक वार्तापत्रें मराठीसह अनेक देशी भाषांत उतरवून प्रक्षेपित केलीं जात. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे ह्या तेथें त्याच्या सहकारी होत्या. पुढें १९५० सालीं ‘इन ट्रान्झिट’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. युद्धाच्या दिवसांत भाषणाचें प्रत्येक पान तपासनिसाच्या हातून जात असे. शब्द कसा निवडला जातो आणि कसा गाळला जातो, हें ऑर्वेलनें ध्वनिक्षेपकाच्या इतक्या जवळून पाहिलें होतें. ती नोकरी सोडतांच त्यानें ‘ॲनिमल फार्म’ लिहावयास घेतलें.

अशा लेखकावर मुलें निबंध लिहितात तेव्हां काय होतें? बहुधा पहिलें वाक्य ठरलेलें असतें: लेखकानें हुकूमशाहीवर कठोर टीका केली आहे. हें वाक्य खोटें नाहीं. परंतु तें लिहिण्यासाठीं पुस्तक उघडण्याचीही गरज नाहीं. पूर्वीं तें मार्गदर्शिकेंतून येई. आतां तें कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून क्षणार्धांत मिळतें. येथें एक विलक्षण विसंगति आहे. ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्यें प्रजेसाठीं कादंबऱ्या यंत्रांवर तयार होतात, आणि नायकाचा पहिला अपराध कोणता, तर एक कोरी वही मिळवून तींत स्वतःचे विचार लिहूं लागणें. त्या कादंबरीवरील निबंध यंत्राकडून लिहवून घेणारा विद्यार्थी तिचें सार एका कृतीनें नाकारीत असतो. म्हणून माझ्या मतें ह्या विषयाच्या अध्यापनाचा हेतु एकच असावा: पुस्तकाच्या आधारानें, स्वतःचें असें एक तरी वाक्य मुलानें लिहावें.

तें कसें साधावें? समजा, नववीच्या वर्गांत ‘ॲनिमल फार्म’ चाललें आहे. प्रथम विद्यार्थ्यानें वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. तेथील रहिवाशांस जी गोष्ट स्वाभाविक वाटूं लागली परंतु आपणांस विपरीत वाटते, ती डावीकडे लिहावी. कोणाच्या, कोणत्या शब्दांनीं ती स्वाभाविक झाली, तें उजवीकडे. प्राण्यांनीं बिछान्यांत निजूं नये अशा अर्थाचा एक नियम कोठाराच्या भिंतीवर लिहिलेला असतो. डुकरें बिछान्यांत निजूं लागतात तेव्हां नियम पुसला जात नाहीं. त्यांत चादरीसंबंधीं दोन शब्द वाढतात, एवढेंच. हें टिपणारा विद्यार्थी अन्याय झाला एवढें सांगून थांबत नाहीं. तो कसा झाला, हें पाहूं लागतो. चिकित्सेचा आरंभ येथें होतो.

दुसरी पायरी विधानाची. विधान असें हवें कीं, शेजारच्या बाकावरील मुलास त्याशीं वाद घालतां यावा. उदाहरणार्थ: डुकरांची सत्ता कुत्र्यांच्या दातांवर जितकी उभी आहे, तितकीच इतर प्राण्यांच्या निरक्षरतेवर उभी आहे. ह्यास पुरावा भरपूर आहे. क्लोव्हर घोडीस अक्षरें येतात, परंतु शब्द जुळवितां येत नाहींत. नियम बदलल्याचा संशय येतांच तिला म्युरिएल शेळीस वाचावयास बोलवावें लागतें. कष्टाळू बॉक्सर तर चौथ्या अक्षरापुढें जातच नाहीं.

तिसरी पायरी सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची. आपल्या विधानाचा वैरी आपणच शोधावा. ह्या कथेंत तो बेंजामिन गाढवाच्या रूपानें उभा आहे. त्याला डुकरांइतकेंच उत्तम वाचतां येतें. पण तो वाचीत नाहीं. बॉक्सरला न्यावयास आलेल्या गाडीवरील खाटकाचें नांव तो वाचून दाखवितो, तेव्हां वेळ निघून गेलेली असते. म्हणजे निरक्षरतेनें सर्व उलगडा होत नाहीं. आतां विद्यार्थ्यास आपलें वाक्य दुरुस्त करावें लागतें: ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्या अज्ञानावर आणि ज्यांस वाचतां येतें त्यांच्या मौनावर ही सत्ता उभी आहे. हें वाक्य त्यानें कष्टानें मिळविलें. तें त्याचें झालें.

आतां आपल्या टापूकडे वळूं. तारापूरचें अणुविद्युत्-केंद्र हें भारतांतील पहिलें. १९६९ सालीं तें वीज पुरवूं लागलें. शेजारीं बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. तेथें रसायनांचे, पोलादाचे, कापडाचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यमापनांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादींत तारापूर सर्वांत वर होतें. साहजिकच येथील एखादा तडफदार विद्यार्थी कादंबरी मिटतांच लिहून मोकळा होतो कीं, आमचें गांव हेंच तें कुराज्य. दुसरा सावध विद्यार्थी लिहितो कीं, हें सर्व रशियाविषयीं आहे, आमचा त्याशीं संबंध नाहीं. दोघांनींही विचार टाळला. ह्या मुलांपैकीं कित्येकांच्या घरची चूल त्याच कारखान्यांवर पेटते. आपण काय म्हणत आहों, ह्याचें पूर्ण भान त्यांस असलेंच पाहिजे.

ह्यासाठीं वर्गांत एक नियम असावा: साम्य सांगण्यापूर्वीं भेद सांगावा. कुराज्यांत सरकार प्रतिकूल आंकडे जाळून टाकतें; येथें तो आंकडा सरकारी मंडळानेंच प्रसिद्ध केला. अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं; परंतु त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑर्वेलच्या राज्यांत तक्रार नेण्यास न्यायालयच नाहीं. एवढे भेद मांडल्यावर जें साम्य शिल्लक राहतें, तें लिहिण्याजोगें असतें. रोजच्या वासाची नाकाला संवय होते आणि मग तो वास येईनासा होतो, असें एखाद्या मुलीनें लिहिलें, तर हक्स्लीच्या राज्यांतील प्रजा आपल्या बंधनांत सुखी कां असते, हें तिला शिक्षकापेक्षां अधिक कळलें असें समजावें.

शब्दांचाही असाच अभ्यास करावा. ऑर्वेलच्या राज्यांत शब्दकोशाची प्रत्येक आवृत्ति अधिक कृश होत जाते. शब्द गेला कीं त्याबरोबर विचारही जावा, असा हेतु असतो. मुलांस ‘प्रकल्पग्रस्त’ हा आपल्या परिचयाचा शब्द द्यावा. त्यांत शेतकरी, मच्छीमार, मजूर, म्हातारी आजी सर्वजण मावतात आणि प्रत्येकाचें नांव मात्र गळतें, हें मुलें लवकर ओळखतात. परंतु हक्क मागतांना अर्जावर तोच शब्द उपयोगी पडतो, हेंही त्यांस दिसलें पाहिजे. शब्द झांकतो आणि उघडतोही. दोन्ही बाजू लिहिणें म्हणजे विश्लेषण. ह्या टापूंत घरोघरीं वाडवळी, मांगेली, वारली बोलली जाते; बोईसरच्या कामगारवस्तींत हिंदी व भोजपुरीही आहे. पहिल्या खर्ड्यांत मुलास घरचा शब्द सुचला तर शिक्षकानें त्यावर लाल रेघ ओढूं नये. प्रमाण मराठी त्यास आलीच पाहिजे. पण ती घरच्या शब्दांत भर घालणारी असावी, ते खोडणारी नसावी.

‘फॅरेनहाइट ४५१’मध्यें पुस्तकें जाळलीं जातात आणि कांहीं माणसें एकेक ग्रंथ मुखोद्गत करून वांचवितात. महाराष्ट्रांतील मुलास हें नवल नाहीं. तुकोबांचे अभंग इंद्रायणींत बुडविले तरी ते तरले, ही कथा त्यानें ऐकलेली असते. वारली लग्नांत धवलेरी हातीं पोथी न घेतां विधीचीं गाणीं गाते, हें डहाणू-तलासरीकडील मुलानें प्रत्यक्ष पाहिलेलें असतें. आणि १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघरांत गोळीबारास बळी पडलेल्या पांच हुतात्म्यांचें स्मारक शहरांतील प्रत्येक मुलाच्या वाटेवर आहे. तेथील नांवें कोणी एके रात्रीं बदललीं, तर तें कोणास व कशावरून कळेल? जुनीं वर्तमानपत्रें फिरवून लिहिणें हाच ज्याचा धंदा, त्या ऑर्वेलच्या नायकावर लिहिण्यापूर्वीं हा प्रश्न वर्गांत अवश्य विचारावा.

कांहीं आईबाप विचारतील, अशीं काळोखीं पुस्तकें कोवळ्या मनास निराश करणार नाहींत काय? शंका योग्य आहे. छळाचीं वर्णनें असलेलें ‘नाइन्टीन एटी-फोर’ अकरावी-बारावीपूर्वीं देऊं नये. आरंभ ‘ॲनिमल फार्म’नेंच करावा. परंतु भीति आंधळी असते तेव्हांच निराशा येते. संकट कोणत्या पायऱ्यांनीं आलें हें ज्यास एकेक करून दाखवितां येतें, त्यास तें कोठें अडवितां आलें असतें, हेंही दिसूं लागतें.

तेव्हां आपल्या मुलानें असा निबंध लिहून आणला, तर गुण किती मिळाले हें विचारण्याआधीं इतकेंच विचारावें: ह्यांतलें तुझें वाक्य कोणतें, आणि तें पुस्तकांतील कोणत्या पानावर उभें आहे? त्यानें तें बोट ठेवून दाखविलें, तर अभ्यास नीट चालला आहे असें खुशाल समजावें.