घराची गोधडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. परंतु विषय जुन्या कपड्यांचा आहे, आणि त्यात आपणा बायकांइतके जाणकार दुसरे कोण असणार! म्हणून धीर करून चार शब्द बोलते.

जुन्या कपड्यांपासून घर बांधण्याचे सामान होते, असे कोणी म्हटले तर आपल्याला हसू येईल. पण अमेरिकेत ते खरोखर झाले आहे. माझ्या मुलीने मला त्याची माहिती वाचून दाखवली. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना नावाच्या वादळाने तिकडच्या दक्षिण किनाऱ्यावर असंख्य घरांची धूळधाण केली. पुढच्याच वर्षी, २००६ साली, ‘कॉटन इन्कॉर्पोरेटेड’ या कापूसवाल्यांच्या संस्थेने जुन्या जीनच्या पँटी मागायला सुरुवात केली. कॉलेजातल्या मुलामुलींनी त्या आणून दिल्या.

या पँटींचे करतात काय? बटणे आणि चेन काढून टाकतात. मग कापड फाडून, पिंजून त्याचा पुन्हा कापूस करतात. आपला पिंजारी जुनी गादी पिंजतो, तसेच. त्याला टाकणखाराच्या जातीचे क्षार लावतात. त्यामुळे तो चटकन पेट घेत नाही आणि त्यात कीड होत नाही. नंतर त्याचे जाड थर करून लाकडी भिंतीच्या आतल्या पोकळीत बसवतात. घराचा भार लाकडी सांगाडाच सोसतो. या थराचे काम ऊब धरण्याचे. गोधडीच्या धाग्यांत हवा अडकते म्हणून आपल्याला ऊब मिळते, तसेच येथे. थंडीत आतली ऊब बाहेर जात नाही, उन्हाळ्यात बाहेरची धग आत येत नाही. घराला पांघरलेली गोधडीच म्हणा ना!

हा माल ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेला गरिबांच्या घरांसाठी देण्यात आला. फुलर पतिपत्नींनी १९७६ साली स्थापलेली ही संस्था घर फुकट देत नाही. ज्याचे घर, त्याने बांधकामावर स्वतः राबायचे आणि परवडेल अशा हप्त्यांनी पैसे फेडायचे. आपल्याकडे अंशु गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्थाही असेच करते. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटले.

आता आपण आपल्याकडे पाहू. कोठे पूर आला की आपण गाठोडी बांधतो. त्या गाठोड्यांत बिनबटणांचे सदरे, उसवलेले परकर, न धुतलेल्या चादरी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आपली अडगळ गेली, पण जिचे घर वाहून गेले त्या बाईने ते उघडून काय करावे? तिकडे पिंजायला द्यायची पँटसुद्धा बहुतांश सुती लागते. आपण तर नेसायला देतो!

म्हणून माझी एक सूचना आहे. यंदा मंडळाने कपडे गोळा करताना तीन ढीग करावेत. अंगावर घालण्याजोगे कपडे धुऊन, बटणे लावून, घडी करून द्यावेत. मऊ सुती लुगडी आणि धोतरे यांच्या गोधड्या आपणच शिवाव्यात. शिवणाऱ्या गरजू बाईला मजुरी द्यावी. उरलेल्या चिंध्या भंगारवाल्याला द्याव्यात. त्या दान म्हणून कोणाच्या पदरात घालू नयेत. आठवड्यातून एक दुपार दिली तर एवढे सहज होईल.

जे आपल्या बहिणीच्या हातात द्यायला संकोच वाटेल, ते परक्या बाईलाही देऊ नये, इतके आपण ठरवले तरी पुरे.